गुळवेलीची पिशवी

पाडवा झाला की आमच्या कॉलेजच्या कुंपणावरची गुळवेल पिवळी पडायला लागते. पानं एकेक करून गळतात आणि नुसती खोडं उरतात, राखाडी, गाठीगाठीची, जुन्या दोरखंडासारखी. औषधासाठी गुळवेल तोडायची ती याच दिवसांत. पानं गळाली की सगळा कस खोडात उतरतो, असं जाणते सांगतात. मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे या दिवसांची माझी यादी ठरलेली असते. वाळवणाच्या जाळ्या धुऊन घेणे. चक्की साफ करणे. बर्फाचा थर्मास शोधणे, कारण तो दरवर्षी हरवतो. प्रात्यक्षिक परीक्षांच्या तारखा. आणि सगळ्यांत खाली एकच शब्द: शिवा.

शिवा म्हणजे शिवानंद, माझा धाकटा भाऊ. मैंदर्गीला कानडी शाळेत शिक्षक आहे. त्याच्या पोटात उजव्या बाजूला आमच्या आईची किडनी आहे. आईला आम्ही अव्वा म्हणतो. अक्कलकोटच्या त्या बाजूला मराठी आणि कानडी एकाच चुलीवर शिजतं. अव्वाची ती किडनी शिवाच्या पोटात शांतपणे काम करत राहावी म्हणून तो रोज ठरलेल्या वेळी गोळ्या घेतो आणि ठरलेल्या दिवशी रक्त तपासून घेतो. किडनी नीट चालते का ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा आला की मला कळवतो. बाकीचं वर्ष मी तो आकडा शांतपणे ऐकते. उन्हाळ्यात तेवढं जमत नाही. कडुलिंबाची बारीक पांढरी फुलं पायरीवर पडलेली दिसली की हात फोनकडे जातो.

परवा दुपारी काशिनाथचा फोन आला. काशिनाथ मैंदर्गी ते सोलापूर वडाप जीप चालवतो. आमच्या दोन घरांतलं सामान वर्षानुवर्षं त्याच्याच पायाशी बसून येतं-जातं.

"मॅडम, म्हातारीनं पिशवी दिलीया. चहाच्या गाड्यावर ठिवतो नेहमीसारखी."

"बरं."

"ह्या टायमाला जड हाय की."

"जड? काय आहे आत?"

"मी कशाला उघडू वो दुसऱ्याची पिशवी. तोंड शिवलंय सुतळीनं."

आईकडून पिशवी आली, जड आहे, तर माणसानं खूश व्हावं. पण ही पिशवी गेली काही वर्षं पाडव्यानंतर रिकामी येते आणि मी ती रिकामीच परत पाठवते. आमचं तसं ठरलेलं आहे, एक अक्षर न बोलता ठरलेलं. ती जड यायला नको होती. मी अव्वाला फोन लावला. तिनं उचलला नाही. दुपारी ती फोन भिंतीतल्या देवळीत ठेवून माजघरात पडते. शिवा शाळेत होता, त्याच्याही परीक्षा चालू होत्या. त्याचं रक्त त्या दिवशी सकाळीच दिलं होतं आणि आकडा दुसऱ्या दिवशी यायचा होता. माझ्यापुढे तिसऱ्या वर्षाचा वर्ग बसलेला. ताप उतरवणारी औषधं शिकवायची होती. ती मी शिकवली. काय शिकवलं ते विचारू नका.

हे ज्या उन्हाळ्यामुळे ठरलं, तो काही वर्षांपूर्वीचा उन्हाळा मला तारखांनी आठवत नाही, वासांनी आठवतो. ओली गुळवेल चिरल्यावर येणारा कच्चा, कडू वास. उंदरांच्या खोलीतला भुश्शाचा वास. सकाळच्या वेळी थर्मास उघडला की येणारा रक्ताचा, लोखंडासारखा. आणि या सगळ्यांवर सोलापूरचं ऊन, ज्याला स्वतःचा वास आहे. डांबर, तापलेला पत्रा आणि कुठंतरी कुणीतरी भाजत असलेले शेंगदाणे.

लावण्या तेव्हा माझ्याकडे संशोधन करत होती. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरची, घरात तेलुगू, बाहेर मराठी. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे ती प्रयोगशाळेतही समोरच्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायची. तिचा विषय होता गुळवेलीचा अर्क आणि शरीराची रोगाशी लढायची ताकद. लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात गुळवेलीनं ताकद वाढते. वाढते का, किती वाढते, ते आम्हाला बघायचं होतं. पद्धत सांगायला सोपी आहे. उंदरांचे गट करायचे. एका गटाला अर्क पाजायचा, एका गटाला नुसतं पाणी. मग दोघांनाही मेंढीच्या रक्तातल्या लाल पेशी टोचायच्या. उंदराच्या दृष्टीनं मेंढीची पेशी म्हणजे परका माणूस घरात शिरलेला. शरीर खवळतं, लढायची तयारी करतं. ती तयारी कुणाची जास्त, ते नंतर रक्त तपासून मोजायचं.

मेंढीचं रक्त आणायला दस्तगीरमामा जायचे. मामा आमचे प्रयोगशाळा सेवक, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, दोन्हींपैकी एकही चालत नसलेलं. पहाटे कत्तलखान्यात जायचं, ताज्या रक्तात गोठू नये म्हणून द्रावण मिसळायचं आणि बर्फात घालून थेट कॉलेज. तिथला खाटीक त्यांना दर वेळी तेच म्हणायचा.

"मामू, सारी दुनिया मटण नेतेय. तुमच्या मॅडम रक्तच मागवतात. घरी काय शिजवतात म्हणायचं?"

मामा मला हे येऊन सांगायचे आणि शेवटी स्वतःचं जोडायचे, "मी म्हटलं, मॅडम शाकाहारी हायत. तो लई हसला."

आणि गुळवेल यायची मैंदर्गीहून. कडुलिंबावर चढलेली गुळवेल उत्तम मानतात, आणि अव्वाच्या घरामागच्या परड्यात कडुलिंबावर चढलेली होती, मनगटाएवढी जाड. बाजारातून घेण्यापेक्षा एकाच झाडाची, एकाच जमिनीतली मिळाली तर प्रयोगाला चांगलं, म्हणून मी तिला मागितली. त्या क्षणापासून अव्वा त्या प्रयोगाची भागीदार झाली. कोयत्यानं तोडायची, धुवायची, बोटाएवढे तुकडे करायची, आणि तिच्या जुन्या इरकलीच्या पिशवीत भरून काशिनाथकडे द्यायची. फोनवर विचारायची, "उंदरं खात्यात का नीट? कडू लागतंय का त्यांना?"

"अव्वा, त्यांना नळीनं पाजतो आम्ही."

"अगं बाई. आणि गूळ?"

"गूळ नाही द्यायचा, अव्वा."

"बिचारी."

पिशवी आली की परत पाठवायची. आणि परत पाठवायची तर रिकामी पाठवायची नाही. हे कुणी शिकवत नाही. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं तर वाटी धुऊन तिच्यात चार शेंगदाणे तरी घालून द्यायचे, डबा आला तर त्यात साखर तरी. मी अव्वाच्या पिशवीत बेकरीची खारी घालायची, बिनमिठाची मागून घेऊन, शिवाला चालेल अशी. कधी मोसंबी. कधी सुमासाठी, म्हणजे शिवाच्या बायकोसाठी, चार साबण. सुमा अंगणवाडीत आहे, सकाळी लवकर निघते, त्यामुळे शिवाची सकाळ अव्वाच्या हातात. गोळ्या, पाणी, न्याहारी, सगळं ती हातात देते. तिचं म्हणणं असं की आपली वस्तू दुसऱ्याकडे ठेवली तर सकाळी एकदा बघून यावं.

शिवाच्या गोळ्यांचं काम काय, हे मी वर्गात फळ्यावर बाण काढून शिकवते. शरीराला अव्वाची किडनी परकीच वाटते. रक्ताचं नातं वगैरे शरीराला कळत नाही. ते तिला हाकलायला उठतं. गोळ्या त्या राखणदारांना पेंगत ठेवतात, इतकंच. पूर्ण झोपले तर साधा सर्दी-खोकला जिवावर बेतेल, पूर्ण जागे झाले तर किडनी जाईल. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, काढे, चूर्णं, कुणी सांगितलेली पानं-मुळं, काहीही नको, मला विचारल्याशिवाय नको. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. अव्वानंही.

त्या उन्हाळ्यात परीक्षा घ्यायला मला पुण्याला जावं लागलं. जाताना नेहमीप्रमाणे यादी करून प्रयोगशाळेच्या फळ्याशेजारी लावली. पिंजरे धुणे, चक्कीचा पट्टा बदलून घेणे, काशिनाथकडे पिशवी परत पाठवणे. माझ्या यादीत पिशवी होती. पिशवीत काय घालायचं ते नव्हतं.

दस्तगीरमामांनी यादीतलं प्रत्येक काम केलं. खिळ्यावर अडकवलेली इरकलीची पिशवी काढली. ती रिकामी होती. एका आईकडे तिच्या मुलीच्या घरून रिकामी पिशवी कशी जाईल? मामांच्या घरीही डबा रिकामा परत जात नाही. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. टेबलावर अर्क काढून उरलेली गुळवेलीची पूड होती, लावण्यानं नीट पाकिटात भरून, ठसठशीत अक्षरात चिठ्ठी लावून ठेवलेली, 'गुळवेल, खोड, मैंदर्गी'. त्यांच्याच झाडाची. दळून, चाळून, स्वच्छ. त्याहून योग्य काय असणार? त्यांनी ते पाकीट पिशवीत घातलं, तोंड बांधलं आणि पाठवून दिलं.

मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते खरंच वाटतं.

पुण्याहून आले तेव्हा पिशवी गेली होती, यादीवर मामांची बरोबरची खूण होती. मी पुढची यादी केली.

प्रयोगाच्या निकालाचा दिवस. लावण्यानं पाटी आणली. ही पाटी प्लास्टिकची असते, बारीक खळग्यांची, थेट अप्पेपात्र म्हणावं अशी. एकेका खळग्यात उंदराच्या रक्तातलं पाणी अर्धं-अर्धं पातळ करत घालत जायचं आणि प्रत्येकात मेंढीच्या पेशींचा थेंब. मग थांबायचं. शरीरानं लढायची तयारी केली नसेल तर पेशी घसरत जाऊन तळाशी मधोमध गोळा होतात, लाल टिकलीसारख्या. तयारी केली असेल तर त्या एकमेकींना धरून खळगाभर पसरतात, जाजम अंथरल्यासारख्या. जितकं पातळ करूनही जाजम दिसेल, तितकी तयारी जोरात.

पाणी प्यालेल्या गटाच्या रांगेत जाजम लवकरच संपलं आणि टिकल्या सुरू झाल्या. अर्काच्या रांगेत जाजम पुढे, पुढे, आणखी पुढे.

"मॅडम, बघा ना! थांबतच नाहीय!" लावण्या ओरडली आणि शेजारच्या खोलीतून दोघी धावत आल्या.

मीही खाली वाकून बघत होते. चांगला निकाल होता. स्वच्छ, कुणालाही दाखवावा असा. माझ्या मनात मात्र एकच वाक्य आलं: हे शिवाच्या जवळ जाता कामा नये. का आलं कुणास ठाऊक. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. माझ्या घरातला एक माणूस टिकल्यांवर जगतो आणि मी दिवसभर जाजमं मोजते, एवढंच होतं ते.

मामांनी पेढे आणले. मी अर्धा खाल्ला तेवढ्यात शिवाचा फोन.

"अक्का, घाबरू नकोस. आकडा थोडा वर गेलाय."

घाबरू नकोस म्हटलं की मी आधी बसून घेते. बसले. "किती?"

त्यानं सांगितला. थोडाच. पण तो आकडा थोडा वर गेला तरी मला पुरतो.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"परत करू म्हणाले. विचारलं, काही नवीन औषध घेता का. म्हटलं नाही."

"आणि घेतोस का?"

"नाही गं. तुला विचारल्याशिवाय मी क्रोसिनसुद्धा घेत नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काशिनाथच्या जीपमध्ये पुढे बसून गेले. वाटेभर ज्वारी निघून गेलेली रानं, धसकटं, वर पांढरं आकाश. काशिनाथ काही बोलत होता, मी मनातल्या मनात यादी करत होते. पाणी कमी पितो का. शाळेच्या पटनोंदणीला उन्हात दारोदार फिरला होता. गोळीची कंपनी बदलली का. दुखण्यावरची गोळी कुणी दिली का. एकेका प्रश्नापुढे मी जागा सोडत होते.

अव्वा दारातच होती. आत गेले, पाणी प्यायले आणि चुलीवरच्या फळीकडे बघितलं. देवाच्या तसबिरीशेजारी स्टीलचा डबा होता. डब्यावर लावण्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती. अव्वानं पाकिटावरून ती अलगद काढून डब्याला भातानं चिकटवली होती.

"हे काय आहे, अव्वा?"

"तूच पाठवलंस की. तुझं औषध." ती खुशीत होती. "रोज सकाळी एक चमचा, कोमट पाण्यातनं. गोळ्यांच्या आदी. तोंड वाकडं करतंय, पण पितंय."

शिवा मागे उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. "तू वाचलं नाहीस? गुळवेल आहे ती."

"वाचलं की. तू पाठवलीस म्हणजे बघूनच पाठवली असशील." त्याचा चेहरा बदलत गेला. "तू नाही पाठवलीस?"

"मग डॉक्टरांना काही घेत नाही असं का सांगितलंस?"

"त्यांनी नवीन औषध विचारलं. हे औषध कुठं, घरचंच. आपल्याच झाडाचं."

मी डबा खाली काढला. अव्वाला काय सांगायचं ते जीपमध्ये ठरवलेल्या एकाही यादीत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "याची तारीख संपलीय, अव्वा. आता द्यायचं नाही."

"झाडाची तारीख कुठं संपतीया?"

"दळलं की संपते."

अव्वाशी मला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. "आकडा ह्याच्यानं वाढला व्हय?"

"माहीत नाही, अव्वा."

"उंदरांना चालतंय ते माझ्या पोराला कसं वाईट?"

मग मी सांगितलं. चुलीपुढे पाटावर बसून, बाण न काढता. उंदराच्या अंगात परकं शिरलं तर त्यानं लढावं असं आम्हाला वाटतं. शिवाच्या अंगात परकं आहे आणि ते तिथं राहावं असं आपल्याला वाटतं. गुळवेल लढायला सांगते. ती तिचं काम चोख करते.

"परकं?" अव्वा म्हणाली. "माझं हाय ते."

"हो. पण शरीराला ते कळत नाही."

"कळंना झालंय व्हय." एवढंच म्हणाली. मग उठली, कोपऱ्यातला कोयता घेतला आणि परड्यात गेली. शिवा तिच्यामागे जायला लागला, मी त्याचा हात धरला. कडुलिंबाच्या बुंध्याशी ती वाकली आणि गुळवेल मुळापाशी तोडली. मनगटाएवढं खोड, दोन-तीन घाव लागले. आत येऊन हात धुतले आणि मला म्हणाली, "साकू, झालं. आता जेवा."

पुढचे दिवस. गोळ्या नीट, पाणी भरपूर, ऊन बंद, पूड बंद. त्या दिवसांत सोलापुरात इतकं तापलं की उंदरांच्या खोलीत ओली पोती लावली होती आणि मामा दर तासाला त्यांच्यावर पाणी मारायचे. मी परीक्षेचे पेपर तपासत होते. एका मुलीनं किडनी आणि प्रतिकारशक्तीवर पानभर उत्तर लिहिलं होतं, सगळं बरोबर, सगळं माझ्याच नोट्समधलं. तिला पूर्ण गुण दिले.

आकडा उतरला. पूर्ण जुन्या जागी नाही गेला, पण उतरला आणि तिथं थांबला. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी रागावून घेतलं, मग खांदे उडवले. उन्हानं झालं असेल. पाणी कमी पडलं असेल. पुडीनं झालं असेल. "आता कसं सांगणार मॅडम? तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? प्रयोगशाळेत माझ्याकडे दोन गट असतात. एकाला अर्क, एकाला पाणी, बाकी सगळं सारखं. शिवाला दुसरा गट नव्हता. गुळवेल न प्यालेला, तोच उन्हाळा काढलेला, तेवढंच पाणी प्यालेला दुसरा शिवा कुठंही नव्हता, ज्याच्याशी ताडून बघावं. म्हणून तो प्रश्न तसाच राहिला आणि दर पाडव्यानंतर पानं गळाली की तो वर येतो.

दस्तगीरमामांना मी कधीच सांगितलं नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी घरून शिरखुर्मा आणला होता. मी डबा धुऊन त्यात खडीसाखर घालून परत दिला. "बघा, मॅडमना रीत माहीत हाय," ते बाकीच्यांना म्हणाले. मी हसले. ते हसू मला अजून आठवतं, तोंडाला चिकटल्यासारखं.

आणि गुळवेल काही मेली नाही. जी मुळापाशी तोडली ती वर कडुलिंबावर टांगलेलीच राहिली, आणि पावसाळ्यात तिनं वरून सुतासारखं मूळ खाली सोडलं. बारीक, लांब, वाऱ्यावर हलणारं, जमीन शोधणारं. ती अशीच आहे. तोडली तरी वाढते, म्हणून तर तिला पोथ्यांत अमृता म्हणतात. शिकवताना मी हे कौतुकानं सांगायची. अव्वा फोनवर सांगायची, "परत सूत सोडलंय गं तिनं. कापलं." काही दिवसांनी पुन्हा, "परत सोडलंय." पुढच्या पाडव्यानंतर काशिनाथनं पिशवी आणून दिली, रिकामी. "म्हातारी म्हणाली, रिकामीच द्या. मी म्हटलं मॅडम काय म्हणतील." मला कळलं. तोडलीय, घरात काही नाही, असा तो निरोप होता. मीही ती रिकामी परत पाठवली. इथूनही काही येत नाही. तेव्हापासून दरवर्षी.

म्हणून परवा जड पिशवी.

तास संपवून रिक्षानं गेले. चहाच्या गाड्यावर ती बाकाखाली ठेवलेली होती, इरकलीचा रंग उडालेला, तोंड सुतळीनं टाचलेलं. घरी नेईपर्यंत धीर निघाला नाही. चहावाल्याकडून कात्री मागितली आणि तिथंच उसवली.

गुळवेल होती. वरपर्यंत भरलेली. जाड खोडं, बारीक खोडं, सुतासारखी मुळं वळकटी करून. आणि पिशवीत कोंडून राहूनही दोन-तीन गाठींना पोपटी कोंब फुटलेले, तांदळाएवढे.

तेवढ्यात अव्वाचा फोन आला.

"पोचलं का?"

"अव्वा, हे काय पाठवलंस?"

"गडी चढवला वर. सगळी उतरवून घेतली. एक काडीबी ठिवली न्हाय हितं." ती दमल्यासारखी बोलत होती. "दरसाली सूत कापून हात दुखाय लागलं. मी आज हाय, उद्या न्हाय. माझ्यामागं ते सूत कोण बघणार?"

"मग टाकून द्यायची."

"औषध हाय ते, उकिरड्यावर कसं टाकू? गुरांपुढंबी टाकवना. तुझ्याकडं नवीन पोरगी आलीया म्हणालीस ना, परीक्षेची? घाल तिच्या उंदरांना." मग जरा थांबून, "त्यांचं काय, त्यांना लढाय लागतंयच."

"शिवा?"

"शाळंतनं आला. झोपलाय. उद्या कळंल म्हनं."

रात्र गेली. सकाळी कॉलेजात गेले, नव्या विद्यार्थिनीला गुळवेल दिली, वजन करून नोंद करायला सांगितलं आणि उरलेले तुकडे जमिनीवर नाही, मातीजवळही नाही, खिळ्याला टांगायला लावले. दुसऱ्या तासाला शिवाचा मेसेज आला. आकडा मागच्या वेळेएवढाच. वर नाही, खाली नाही. मी तो दोनदा वाचला, मागच्या मेसेजशी ताडून बघितला, आणि यादीतल्या शिवापुढे बरोबरची खूण केली. श्वास सुटला, पण पूर्ण नाही. पूर्ण कधीच सुटत नाही, पुढची तारीख असतेच.

मग पिशवी. उलटी केली तर शिवणीत गुळवेलीची भरड अडकलेली. बोटानं काढली, ब्रशनं काढली. साबणानं धुतली, पुन्हा धुतली, गच्चीवरच्या दोरीवर आतली बाजू बाहेर करून वाळत घातली. सोलापूरच्या उन्हात तिला कितीसा वेळ लागणार. दुपारी घडी घालून काशिनाथकडे दिली.

"रिकामी?" तो म्हणाला. "एवढी भरून आली, आणि रिकामी देताय वो."

"रिकामीच दे."

"मला काय. पण बरं दिसत न्हाय."

संध्याकाळी दिवेलागणीला मी गच्चीवरचे कपडे काढत होते तेव्हा अव्वाचा फोन आला.

"पिशवी पोचली."

"रिकामी आहे, अव्वा."

"व्हय, बघितली. उलटी करून झाडली, काय बी न्हाय." पलीकडून बादलीचा आवाज आला. "तरी मी परत एकदा धुवून घेतली."